सायकलच्या नकाशांत चढ हवा

जळगांवाहून चाळीसगांवास आगगाडीनें जाणाऱ्यानें दोन्ही स्थानकांच्या फलकांवर लिहिलेली समुद्रसपाटीपासूनची उंची ताडून पाहावी. सुमारें ९२ किलोमीटरांच्या वाटेंत फरक उणापुरा १३५ मीटर भरतो. पाचोरा-भडगांवावरून जाणारा रस्ताहि बहुतेक ह्याच सपाटीवरचा. सायकलस्वारास चढाची जाणीवहि होत नाहीं. परंतु तोच स्वार पुढें कन्नडच्या वाटेनें औट्रम घाटास लागला, कीं थोड्याच वळणांत त्याच्यावर सायकल हातानें ढकलण्याची पाळी येते.

सामान्य नकाशांत मात्र ह्या दोन्ही वाटा एकाच जातीच्या रेघेनें काढलेल्या असतात. अंतर कळतें, चढ कळत नाहीं. आमच्या मतें ही उणीव क्षुल्लक नव्हे. स्वार व सायकल मिळून वजन ७० किलो धरलें, तर शेंकडा १० च्या चढावर सुमारें ७ किलोंचें ओझें त्याला सारखें मागें खेंचीत असतें.

आगगाडीचाच दाखला घ्या. रुळांच्या कडेस चढउताराचें प्रमाण सांगणारे खांब रोंवलेले असतात. कसाऱ्याजवळच्या थळ घाटांत हें प्रमाण ३७ मीटरांस १ मीटर असून तेथें गाडीस मागून जादा इंजिनें जोडतात. ज्याच्या दिमतीस इतकीं इंजिनें, त्या चालकास चढ आगाऊ कळावा, आणि जो केवळ आपल्या पोटऱ्यांच्या भरंवशावर निघाला त्यास कळूं नये, हा न्याय विपरीत नव्हे काय ?

विद्या कांहीं नवी नाहीं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारांस एक ह्या प्रमाणाच्या नकाशांत समोच्च रेषा सामान्यतः २० मीटरांच्या उंचीनें काढलेल्या असतात. रस्त्यानें लगतच्या दोन रेषा ४ मिलिमीटरांत ओलांडल्या, तर जमिनीवर तें अंतर २०० मीटर. अर्थात् चढ शेंकडा १०. आठ मिलिमीटर लागले तर शेंकडा ५. आठव्या इयत्तेंतील मुलास सहज यावें असें हें गणित आहे.

हल्लीं मोबाईलवरील कित्येक नकाशे संपूर्ण मार्गाच्या चढउताराची आकृति निराळी दाखवितात. परंतु तींतील कोणता उंचवटा रस्त्याच्या कोणत्या वळणावर, हें शोधीत बसावें लागतें. शिवाय सरासरी फसवी असते : एक किलोमीटर सपाट आणि पुढील एक शेंकडा ८ चा, ह्यांची सरासरी ४ सांगून काय उपयोग ? म्हणून दर दोनशें मीटरांचा चढ खुद्द रस्त्याच्या रेघेवरच रंगानें दाखवावा, जवळ आंकडा लिहावा आणि चढ कोणत्या दिशेस तें बाणानें सांगावें. बाण विसरूं नये. जातांना जो चढ, तोच येतांना उतार, आणि ब्रेक सैल असल्यास उतारच अधिक घातक.

राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतून, शाळेपासून ५ किलोमीटरांच्या आंत राहणाऱ्या गरजू विद्यार्थिनींस सायकली मिळतात, ही योजना आम्हांस फार स्तुत्य वाटते. परंतु तापीकांठचे ५ किलोमीटर आणि सातपुड्याच्या पायथ्याचे ५ किलोमीटर हे पायांच्या हिशेबीं एक नव्हेत. सकाळीं किती वाजतां निघावें, कोठें उतरून चालावें, हें मुलीच्या आईबापांस अशा नकाशावरून घरबसल्या ठरवितां येईल. जळगांव व धुळें जिल्ह्यांतील शाळांनीं भूगोलाच्या तासास आपापल्या पंचक्रोशीचा असा एक नकाशा मुलांकडून करवून घ्यावा, आणि तो वर्गांत न ठेवतां सायकली लावण्याच्या जागेजवळील भिंतीवर टांगावा.