सही न केलेल्या शेजाऱ्यांस

तिन्ही विंग मिळून निम्म्या घरांच्याही सह्या ताब्यावरून बिल्डरविरुद्धच्या आपल्या तक्रारीवर अजून नाहीत. दारात गेलं की उत्तर ठरलेलं: ‘तुम्ही लढा, निकाल लागला की सगळ्यांनाच मिळेल.’ असं मिळणार नाही, म्हणून हे पत्र.

अमेरिकेत असतो तर तुमचं म्हणणं बरंचसं खरं ठरलं असतं. तिथे १९६६ पासून नुकसानभरपाईच्या सामूहिक दाव्यात गप्प बसणाराही धरला जातो. ज्याला नको त्याने तसं कळवायचं. जर्मनीत उलटी रीत. फोक्सवॅगनच्या डिझेल घोटाळ्यात दावा ग्राहक संघटनेने लावला, पण २०२० च्या तडजोडीचे पैसे ज्यांनी आधी सरकारी नोंदवहीत नाव घातलं होतं त्यांच्यापुरतेच होते.

आपल्याकडे दोन्ही वाटा आहेत. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ खाली ग्राहक आयोगाची परवानगी घेऊन काही जण सगळ्यांच्या वतीने तक्रार करू शकतात. मात्र सगळ्यांचं हित एकच आहे, हे दाखवावं लागतं. बंगळुरूच्या ११३४ फ्लॅटच्या एका प्रकल्पात ९१ खरेदीदारांनी हीच वाट धरली. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हित एकच असल्याचं तक्रारीत पुरेसं मांडलेलं नाही. ही तक्रार त्या ९१ जणांची संयुक्त तक्रार म्हणून चालेल, बाकीच्यांची नव्हे.

आपलं दुखणंही तसंच आहे. ए विंगच्या करारात ताब्याची तारीख एक, सी विंगच्या करारात दुसरी. बी विंगमधल्या काहींनी तर ताबा घेऊनही टाकला. त्यामुळे वकिलांच्या सल्ल्याने आपण संयुक्त तक्रारीची वाट धरली आहे. म्हणजे सही असेल त्याचीच तक्रार. त्यातून ग्राहक कायद्यात तक्रारीला मुदत दोन वर्षांची. ताबा घेतलेल्यांनी आपली तारीख आजच तपासावी.

येत्या रविवारी सकाळी साडेदहाला साइटसमोरच्या मंदिराच्या सभामंडपात या. करारनामा, इंडेक्स टू, भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या आणि बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स आणा. परदेशात असणाऱ्यांनी मुखत्यारपत्राचं आधी विचारून घ्यावं, त्याला वेळ लागतो. वर्गणी ज्याला एकदम जमणार नाही त्याने दोन हप्त्यांत द्यावी. आणि बिल्डरने ज्यांना जादा पार्किंगचं गाजर दाखवलंय, त्यांनीही यावं. ते गाजर लेखी मिळालंय का, एवढंच विचारायचं आहे.

आपले,
फ्लॅटधारक कृती समिती