हनुमानाचा रंग निळा

खेळण्यातली मोटार आणि मोटारीची प्रतिकृती यांत फरक आहे, आणि तो आकाराचा नाही. खेळण्याला कोणताही रंग चालतो. पोराला लाल आवडला तर लाल, हिरवा आवडला तर हिरवा. प्रतिकृतीला मात्र एकच रंग असतो. मूळ गाडी ज्या वर्षी, ज्या शर्यतीत, ज्याच्या नावाने धावली, त्या दिवशी तिच्या अंगावर होता तो. एवढे सोडून दिले तर बाकीची सारी मेहनत एक सुबक खेळणे करण्यात गेली असे समजावे.

हे लिहिण्याचे निमित्त असे की, यंदा आपल्या महाविद्यालयाच्या प्रदर्शनात मी हाताने केलेली एक जुनी शर्यतीची मोटार ठेवली होती. प्रमाण एकास चोवीस, म्हणजे मूळ गाडीचा एक फूट इथे अर्धा इंच. गाडीचे नाव हनुमान. अंग निळे, चाके पिवळी. पाहणाऱ्यांनी कौतुक केले, पण चर्चा झाली ती कारागिरीवर नव्हे, रंगावर. कन्नड विभागातल्या एका मित्राने सुचवले की राज्योत्सवाला हीच गाडी लाल-पिवळी करून ठेवू. मराठी विभागातल्या दुसऱ्याचे म्हणणे, नाव हनुमान आणि रंग निळा, हे शोभते का? भगवी कर. एका सरांनी दोघांचेही भांडण मिटवायला तिरंगा सुचवला. तिघेही माझ्यावर लोभ असलेले. तिघांनाही मी नाही म्हटले, आणि का म्हटले ते तिथे टेबलाशी उभे राहून नीट सांगता आले नाही, म्हणून इथे सांगतो.

ही गाडी काल्पनिक नाही. सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, राजपुत्र बिरा १९१४ साली बँकॉकला जन्मला, शिक्षणासाठी इंग्लंडला गेला, तिथे शिल्पकला शिकला आणि मोटारींच्या नादी लागला. त्याच्या एकविसाव्या वाढदिवसाला, १९३५ साली, त्याचा चुलतभाऊ राजपुत्र चुला याने त्याला ई.आर.ए. कंपनीची शर्यतीची गाडी भेट दिली. (मी पुढच्या वर्षी एकवीस पूर्ण करीन; घरून फार तर घड्याळाची आशा आहे.) लिंकनशायरमधल्या बोर्न गावची ही इंग्रजी कंपनी, इंजिनाचा पाया रायली मोटारीचा. बिराने पहिल्या गाडीचे नाव ठेवले रोम्युलस. १९३६ साली मोनॅकोची छोट्या गाड्यांची शर्यत त्याने जिंकली ती याच गाडीवर. दुसरी ई.आर.ए. घेतली तेव्हा जोडीला रीमस हे नाव आपसूकच आले, कारण रोम नगरीच्या दंतकथेतले हे जुळे भाऊ. तिसरीच्या वेळी मात्र त्याने रोम सोडले आणि रामायणाकडे वळला. तिचे नाव हनुमान.

सयामच्या रामायणात हनुमान पांढरा असतो. आपला मारुती शेंदरी. आणि या हनुमानाला रंग लागला निळा, कारण गाडीचा रंग देवावरून ठरत नव्हता.

तो कशावरून ठरत होता हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. १९०० साली गॉर्डन बेनेट चषकाच्या शर्यती सुरू झाल्या तेव्हा देशादेशांच्या गाड्या लांबून ओळखू याव्यात म्हणून रंग वाटून देण्यात आले: फ्रान्सला निळा, जर्मनीला पांढरा, बेल्जियमला पिवळा, अमेरिकेला लाल. इटलीचा लाल आणि इंग्लंडचा हिरवा हे नंतरचे. १९०३ ची शर्यत आयर्लंडमध्ये झाली आणि इंग्रजांच्या हिरव्याचा संबंध त्या हिरव्या बेटाशी जोडतात. सुरुवातीला अट अशी की गाडीचा प्रत्येक भाग त्याच देशात बनलेला असावा. पुढे ती राहिली नाही, आणि रंग ठरू लागला तो गाडी शर्यतीत उतरवणाऱ्याच्या देशावरून. गाडी कोणी घडवली यावरून नव्हे. चालकाची मातृभूमी कोणती यावरूनही नव्हे. अर्ज कोणाच्या नावाने भरला, एवढाच प्रश्न. म्हणून अर्जेंटिनाचा फांजिओ १९५४ साली मासेराटीत बसला तेव्हा लाल रंगात जिंकला आणि त्याच वर्षी मर्सिडीजमध्ये गेला तेव्हा चंदेरी रंगात जिंकला. आणि म्हणूनच इंग्लंडात घडलेली गाडी सयामचा निळा-पिवळा घालून धावली.

याहून गंमतीचा दाखला फेरारीचा आहे. १९६४ च्या सप्टेंबरात जॉन सर्टीजने मोंझाची शर्यत जिंकली ती लाल फेरारीत. त्यानंतर एन्झो फेरारीचे इटलीतल्या मोटार-संघटनेशी एका गाडीच्या मान्यतेवरून बिनसले. त्याने रागाच्या भरात जाहीर केले की आता मी इटलीचा लाल लावणार नाही. वर्षातल्या शेवटच्या दोन शर्यतींत त्याच्या गाड्या अमेरिकेतल्या एका संघाच्या नावाने, निळ्या-पांढऱ्या रंगात उतरल्या, आणि मेक्सिकोत ऑक्टोबरमध्ये सर्टीज जगज्जेता झाला तो त्याच रंगात. तोच कारखाना, तोच चालक, महिना-दीड महिन्याचे अंतर. आता ‘सर्टीजची फेरारी’ करायला बसलेल्या माणसाने रंग कोणता घ्यावा? आधी शर्यत ठरवावी, मग डबा उघडावा.

१९६८ नंतर हे सारे संपले. जाहिरातींना मुभा मिळाली, लोटसच्या हिरव्या गाड्या एका सिगारेटच्या पाकिटाच्या लाल-पांढऱ्या-सोनेरी रंगात आल्या आणि देशाची जागा गिऱ्हाइकाने घेतली. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मी याला नावे ठेवू नयेत, पण मला त्या गाड्या करण्याची इच्छा होत नाही.

बीदरच्या माणसाला हा रंगाचा नियम ऐकून थोडे हसू येईल. आपल्याकडे १९५६ च्या भाषावार रचनेत जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. तेव्हापासून गाडी कोणी घडवली आणि चालक कुठला याचीच चौकशी अधिक. माझी शाळा मराठी, माझा अर्ज कर्नाटकाचा, घरात एक भाषा आणि बसस्टँडवर दुसरी. दोन्हींत मला भांडता येते, दोन्हींत उधारी मागता येते. ही उपमा मी फार ताणणार नाही. माणूस म्हणजे मोटार नव्हे, त्याला एकाच रंगात धावण्याची सक्ती नाही. परंतु सयामचा एक तरुण इंग्रजी गाडीला आपल्या देशाचा रंग देतो, तिला रामायणातले नाव देतो, आणि या दोन्हींत त्याला विसंगती वाटत नाही, ही गोष्ट मला आवडली म्हणून मी ती गाडी निवडली. तिला लाल-पिवळा किंवा भगवा लावला तर आवडलेली गोष्टच पुसली जाते. त्या रंगांचा मान मला कमी नाही. पण त्या रंगांत ही गाडी कधी धावली नाही.

कोणी म्हणेल, मग आपली गाडी कर. जरूर करावी. मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर कित्येक वर्षे शर्यती झाल्या. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन घालून एकाच माणसाच्या शर्यतीच्या छोट्या गाड्या बनवल्या, म्हणजे हनुमान तिथेही आहेच. त्या गाड्यांचे फोटो जमवून, मापे काढून कोणी प्रतिकृती केली तर मी स्वतः प्रदर्शनात तिच्याजवळ उभा राहीन. मात्र तीही धावली त्याच रंगात हवी.

आता रंग ‘खरा’ म्हणजे काय, हे सांगतो, कारण ते वाटते तितके सोपे नाही. त्या काळचे बहुतेक फोटो काळे-पांढरे. त्यातही जुन्या एका जातीच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल काळसर येई आणि निळा फिकट. त्यामुळे फोटोत पांढरट दिसणारी गाडी पांढरी असेलच असे नाही. ई.आर.ए.च्या बहुतेक गाड्या आजही जिवंत आहेत, इंग्लंडात जुन्या गाड्यांच्या शर्यतींत धावतात. पण मधल्या मालकांनी किती वेळा रंगवल्या याचा हिशेब कोण ठेवणार? शिवाय मोठ्या गाडीचा रंग जसाच्या तसा लहान गाडीला लावला तर तो गडद दिसतो, कारण लहान वस्तू आपण जणू लांबून पाहत असतो. म्हणून निळ्यात थोडा पांढरा मिसळावा लागतो. किती, ते पुस्तकात नाही. मी पत्र्याच्या अकरा तुकड्यांवर अकरा निळे लावून ते गच्चीवर उन्हात ठेवले आणि तीन दिवस पाहिले. घरच्यांना वाटले परीक्षा जवळ आल्याचा परिणाम.

अंग पांगाऱ्याच्या लाकडाचे. वर लांबी भरून, पॉलिश पेपरने घासून, पुन्हा भरून. टायर मोटारपंपाच्या दुकानातल्या रबरी रिंगांचे. चाकाच्या आऱ्या मासे धरायच्या नायलॉन दोऱ्याच्या. धुराच्या नळीसाठी वायरीतली तांब्याची तार. इथे एक युक्ती मी आपल्या गावाकडून घेतली. बिदरी काम पाहिलेल्यांना ठाऊक असेल, जस्त-तांब्याचे भांडे ओतून घासले की कारागीर त्यावर मोरचुदाचे पाणी चोळून ते तात्पुरते काळे करतो, म्हणजे नक्षीची कोरलेली रेघ स्पष्ट दिसते. शेवटचा काळा रंग वेगळा. तो नवसागर आणि किल्ल्यातली माती यांच्या उकळत्या पाण्याने येतो, आणि भांडे काळे होते तरी त्यात ठोकलेली चांदी काळी होत नाही. मी त्या पहिल्या काळ्याची नक्कल केली: लाकडावर पातळ काळा हात दिला की खड्डा, ओरखडा, वाकडी कड लगेच डोळ्यांत येते. मग ती दुरुस्त करून पांढरा, आणि पांढऱ्यावर निळ्याचे पातळ सहा हात. एका हातानंतर दुसऱ्याला दोन दिवस. घाई करणाऱ्याने पिचकारीचा डबा आणावा; त्याने सफाई येते, पण बॉनेटच्या झडपांतल्या बारीक फटी बुजतात.

गाडीवरचा आकडा मी काढला, पण ब्रश धरायला शिकवले ते हुमनाबाद रस्त्यावरच्या एका पेंटरमामांनी. लॉरीच्या पाठीवर कन्नड, मराठी, उर्दू आणि इंग्रजी, चारही लिप्या ते पेन्सिलीची रेघ न मारता लिहीत. फ्लेक्सचे बोर्ड आल्यापासून त्यांच्याकडे काम थोडे. त्यांचे सांगणे एवढेच की, श्वास सोडताना रेघ ओढ, घेताना थांब. त्यांनी माझी गाडी हातात घेऊन उलटी केली, तळ पाहिला आणि विचारले, खालून का रंगवली नाहीस? मूळ गाडी खालून उघडी असते, सांगाडा दिसतो, असे मी म्हटले. सांगाडा दिसतो तर तो तरी रंगव, म्हणाले. तो पिवळा असतो. आता पिवळा आहे.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: सामान चारशे रुपयांच्या आत, वेळ चार महिन्यांच्या रात्री. पदवीच्या पुस्तकातल्या खर्चपत्रकात या रात्रींना रकाना आहे, त्याला प्रत्यक्ष मजुरी म्हणतात, आणि तो भरला तर गाडी कोणालाही परवडणार नाही. बिदरीच्या कारागिराचे नेमके हेच दुखणे आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.

प्रदर्शन समितीला माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षी प्रतिकृतींना बक्षीस देताना ‘आकर्षक रंगसंगती’ या सदराखाली गुण देऊ नयेत. प्रत्येक वस्तूशेजारी चार ओळींचे कार्ड असावे, कन्नडमध्ये आणि मराठीत: मूळ वस्तू कोणती, कोणत्या सालची, कोणाची, आणि हा रंग कशावरून ठरवला. परीक्षकांनी कार्ड वाचावे, मग वस्तू पाहावी. माझ्या गाडीचे कन्नड कार्ड ज्याने लिहून दिले तोच मित्र राज्योत्सवाला ती लाल-पिवळी मागत होता. कार्ड लिहून झाल्यावर त्याने पुन्हा मागितली नाही. त्याने आता फेरारीची मागणी केली आहे, आणि विचारले आहे की एक बाजू लाल आणि दुसरी निळी-पांढरी करता येईल का. नाही येणार. दोन गाड्या कराव्या लागतील. एक तो करणार आहे.