तालिकेतील पाठभेद

शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’त १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथ शोधताना नजर चुकली, तरी शेजारची नोंद वाट दाखविते. संगणकीय तालिकेत शेजार नसतो. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक मिळाला तो २००८ साली. तत्पूर्वीच्या युनिकोड नोंदींत ते ‘अ’ला अर्धचंद्र जोडून घडविलेले आढळते. ‘दऱ्या’मधील अर्धा र देखील दोन रीतींनी नोंदविता येतो. डोळ्यांना रूप एकच दिसते, यंत्राच्या लेखी मात्र शब्द दोन. आणि सर्वच प्रणाली हा भेद मिटवितात असे नाही.

नवी प्रणाली आली की दोन्ही रूपे टंकून निष्पत्तीतील तफावत टिपतो तो ग्रंथालय-साहाय्यक. ही खटपट आपण ‘तांत्रिक’ म्हणून बाजूला सारतो. (ऋणनिर्देशातील एक ओळ, एवढाच तिचा सन्मान.) वस्तुतः ती पाठचिकित्साच होय. पाठभेद हस्तलिखितांचे तेवढे खरे, असे का मानावे?

‘सदर ग्रंथ उपलब्ध नाही’ हे वाक्य आपल्या प्रबंधांतून मोठ्या आत्मविश्वासाने येते. शोध कोणत्या रूपाने घेतला, हे मार्गदर्शकाने तेथेच विचारावे. आणि संशोधनपद्धतीच्या एखाद्या तासाला त्या साहाय्यकाला त्याच्या टिपणवहीसह बोलवावे.