जहाज थांबणार नाही, बरं का!

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात एक जाडजूड पाकीट होतं. आत चार पानी पत्र आणि पट्टीने आखलेला एक तक्ता. पत्र आठवीतल्या एका मैत्रिणीचं आहे. नाव छापू नका असं तिने दोनदा बजावलंय, आणि का ते तुम्हांला लगेच कळेल.

तिचे न्यू जर्सीचे काका मे महिन्याच्या सुट्टीत घरातल्या सगळ्यांना कॅरिबियन समुद्रात सात दिवसांच्या जलसफरीला नेणार आहेत. जहाज मायामीहून निघणार, जमैकातल्या ओचो रिओसला थांबणार, मग ग्रँड केमन बेटावरच्या जॉर्ज टाउनला, मग मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला आणि परत मायामी. प्रत्येक ठिकाणी एकेक दिवस. उतरून काय बघायचं हे ठरवण्याचं काम तिच्याकडे दिलंय. ती लिहिते, ‘यादी करायला बसले आणि घरात भांडणं सुरू झाली. बाबांना साबिना पार्क बघायचंय. आईला पिरॅमिड. धाकट्याला डॉल्फिनबरोबर पोहायचंय. आजी म्हणते, माझे गुडघे दुखतात, मला कुठेच नेऊ नका. आणि मला काय हवंय ते कुणी विचारलंच नाही.’

हे शेवटचं वाक्य वाचून मी लिहायला बसले!

आधी बाकीच्यांसाठी थोडं सांगते. जहाज बंदराला लागलं, की तिथे उतरून करायच्या सहलीला शोअर एक्स्कर्शन म्हणतात. जहाज कंपनी अशा सहलींची एक भलीमोठी यादी देते. यादीतले फोटो असे असतात, की सगळ्याच सहली कराव्याशा वाटतात. पण बंदरात वेळ असतो जेमतेम आठ-नऊ तास, आणि तेही सगळे आपले नसतात.

म्हणून वही उघड आणि उलटी वजाबाकी कर. समज, जहाज सकाळी आठला लागलं आणि परत चढायची शेवटची वेळ साडेचार आहे. हजारो माणसं उतरणार, म्हणजे धक्क्यावर पाय ठेवायला नऊ वाजणार. परतताना हातात दीड तास शिल्लक हवाच. रस्ता तुंबतो, टायर पंक्चर होतं, कुणाला तरी टोपी विकत घ्यायची असते. म्हणजे तीनला परत. उरले किती? नऊ ते तीन, सहा तास. त्यात जाणं, येणं, जेवण आणि बघणं.

आता यातली गंमत ऐक. गंमत कसली, फजितीच! मे महिन्यात मायामीची घड्याळं उन्हाळ्यासाठी एक तास पुढे केलेली असतात. जमैका, केमन आणि कोझुमेल ही तिन्ही ठिकाणं घड्याळ पुढे करत नाहीत. म्हणजे जहाजाने मायामीचीच वेळ ठेवली असेल, तर किनाऱ्यावर साडेतीन वाजलेले असताना जहाजावर साडेचार झालेले असतात. काही जहाजं आपली घड्याळं बदलतात, काही बदलत नाहीत. आणि मोबाइल तर बेटावर पोचताच गुपचूप तिथली वेळ दाखवू लागतो. उतरताना जहाजावरच्या माणसाला विचारायचं, ‘आज जहाजाची वेळ कुठली?’ आणि साधं, काट्याचं मनगटी घड्याळ त्या वेळेला लावून टाकायचं. हे काम धाकट्याकडे दे. मुलं असली कामं फार कडक करतात.

उशीर झाला तर? जहाज जातं. मी कोझुमेलच्या धक्क्यावर दोन माणसांना पिशव्या छातीशी धरून पळताना पाहिलंय. आम्ही वर कठड्याशी उभे, सगळे ओरडतोय, पळा, पळा! शिडी काढलेली होती. ते तिथेच राहिले. मग पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठायचं. आपल्या भारतीय पासपोर्टवाल्यांना तर त्यात व्हिसाचीही कटकट. म्हणून काकांना दोन गोष्टी आजच विचार. सगळ्यांचा अमेरिकेचा व्हिसा पुन्हा पुन्हा आत येता येईल असा आहे ना? कारण जहाज देशाबाहेर जाऊन परत येणार आहे. आणि बाकीच्या तिन्ही देशांचे नियम काय आहेत?

यावर जहाज कंपनीचं उत्तर तयार असतं : आमच्याकडून सहल घ्या, तिला उशीर झाला तर आम्ही थांबू. ते खरं आहे. पण ती सहल महाग असते आणि चाळीस जणांच्या घोळक्यातून करावी लागते. स्थानिक माणसाकडून तीच सहल स्वस्तात होते, शिवाय पैसे थेट बेटावरच्या माणसाला मिळतात. मी काय करते सांगू? लांबचं असेल तर जहाजाची सहल. धक्क्याजवळचं असेल तर आपली आपण.

आता तुमचं भांडण. जमैकापासून सुरू करू.

तुझे बाबा साबिना पार्कचा हट्ट का धरतात, हे तुला कुणी सांगितलं का? १९७१ च्या फेब्रुवारीत आपला संघ तिथे खेळत होता. पहिला दिवस पावसात गेला. दुसऱ्या दिवशी आपले पाच गडी ७५ धावांत बाद! मग मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई एकनाथ सोलकरांच्या साथीने उभे राहिले आणि त्यांनी २१२ धावा काढल्या. आपले ३८७ झाले, वेस्ट इंडीजचे २१७. पहिला दिवस वाया गेल्याने सामना चार दिवसांचा धरला गेला, त्यामुळे १५० च्या आघाडीवरही फॉलोऑन देता येत होता. कर्णधार अजित वाडेकरांनी सोबर्सच्या संघाला तो दिला. ती कसोटी अनिर्णित राहिली, पण पुढे ती मालिका आपण १-० ने जिंकली. अशा मैदानाच्या नुसत्या भिंतीला हात लावायला मिळावा, असं वाटणारच माणसाला!

पण वजाबाकी बघ. साबिना पार्क आहे किंग्स्टनला. ओचो रिओसहून मोटारीने जायला दीड तास, यायला दीड. सहातले तीन तास गेले. शिवाय सामना नसताना आत सोडतीलच असं नाही, आधी विचारून ठेवावं लागेल. उलट डन्स रिव्हरचा धबधबा धक्क्यापासून अगदी जवळ. तो आपल्या सह्याद्रीतल्या धबधब्यांसारखा कड्यावरून कोसळत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत थेट समुद्राला मिळतो. पाण्यातल्या चुन्याचे थर साचून त्या पायऱ्या तयार झाल्यात. खाली समुद्राशी सुरुवात करायची आणि एकमेकांचे हात धरून, वाहत्या पाण्यातून सुमारे १८० मीटर वर चढत जायचं. पाण्यात न घसरणारे रबरी तळव्याचे बूट मात्र हवेतच. ज्यांना चढायचं नाही, त्यांच्यासाठी बाजूने जिना आहे.

मग बाबांचं काय? अगं, सगळ्यांनी एकत्रच जायला हवं असं कुठे लिहिलंय? बाबा आणि काका किंग्स्टनला जाऊ देत. तुम्ही धबधबा चढा. फक्त बाबांनी तीनला परत म्हणजे तीनला परत. क्रिकेटवेड्या माणसांच्या घड्याळावर माझा फारसा विश्वास नाही.

केमनला जहाज धक्क्याला लागत नाही. ते खोल पाण्यात नांगर टाकतं आणि गेटवेवरून घारापुरीला जायला असते तशा लाँचमधून माणसांना किनाऱ्यावर नेतात. मोठ्या जहाजांसाठी धक्का बांधावा की नाही, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चालला होता. धक्क्यासाठी समुद्राचा तळ खणावा लागतो आणि प्रवाळ मरतात. शेवटी ३० एप्रिल २०२५ ला लोकांचं मत घेतलं, तर बहुसंख्यांनी नको म्हणून सांगितलं! म्हणून तुम्हांला लाँचच्या रांगेत उभं राहावं लागणार आहे. त्या रांगेतला वेळही वजाबाकीत धर. जहाजाच्या सहलीवाल्यांना लाँचमध्ये आधी घेतात, हेही लक्षात ठेव.

आणि इथे तुझ्या पत्रातली तिसऱ्या पानावरची, कंसात लिहिलेली ओळ मला सापडली : ‘मला खरं तर पाकट बघायचेत.’ अगं मग कंसात कशाला?

कोकणातल्या मुलांना पाकट माहीत असतो, पण बहुधा बाजारात टोपलीत पडलेला. केमनच्या उत्तरेकडच्या खाडीत वाळूचा एक उथळ दांडा आहे. पाणी कमरेएवढं. पूर्वी मासेमारीहून परतणारे कोळी प्रवाळाच्या आडोशाला, शांत पाण्यात होडी थांबवून मासळी साफ करत आणि टाकाऊ तुकडे पाण्यात फेकत. ते खायला पाकट येऊ लागले. होडीच्या इंजिनाचा आवाज म्हणजे जेवणाची घंटा! मग प्रवासी येऊ लागले. आज तिथे पाण्यात उभं राहिलं, की रुमालासारखे लवलवते पाकट पायांना घासून जातात. त्यांच्या शेपटीत विषारी काटा असतो, पण तो उगाच मारत नाहीत, अंगावर पाय पडला तर मारतात. म्हणून तिथे पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूतून घासत न्यायचं. आणि फोटोसाठी त्यांना पाण्याबाहेर उचलायचं नाही. कुणी उचलून हातात देऊ लागलं तरी नाही म्हणायचं.

एक गोष्ट मात्र खटकते, तीही सांगून टाकते. पाकट एरवी रात्री भक्ष्य शोधतो. इथले, रोज दिवसा खायला मिळतं म्हणून दिवसाच हिंडतात. आपल्या हौसेने त्यांचा दिनक्रम बदललाय. तरी ते मोकळे आहेत, नको वाटलं तर निघून जाऊ शकतात.

डॉल्फिनना ती सोय नसते. कोझुमेलला डॉल्फिनबरोबर पोहण्याची सहल यादीत दिसली, तर धाकट्याला हे सांग. खुल्या समुद्रात मैलोन्‌मैल पोहणारा, आपल्या टोळीशी शिट्ट्यांनी बोलणारा प्राणी तिथे जाळीच्या आत असतो. आपल्या सरकारने २०१३ सालीच डॉल्फिनच्या खेळघरांना परवानगी द्यायची नाही असं ठरवलं, आणि २०२५ मध्ये मेक्सिकोच्या संसदेनेही अशा खेळांवर बंदीचा कायदा केला. तो रडेल. रडू दे थोडा वेळ. मग त्याला सांग, की कोझुमेलच्या किनाऱ्यालगत जगातल्या सर्वांत लांब प्रवाळरांगांपैकी एक आहे आणि तोंडाला नळी व डोळ्यांवर काच लावून तो स्वतः ती बघू शकतो. तिकडे जायच्या आधी मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात सराव करता आला तर फारच छान. प्रवाळ म्हणजे दगड नव्हेत, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे ती, त्यावर पाय द्यायचा नाही. उन्हासाठी अंगाला क्रीम चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला. काही क्रीममधली रसायनं प्रवाळांना घातक असतात.

राहिला आईचा पिरॅमिड. चिचेन इत्झाचा तो प्रसिद्ध पिरॅमिड मी बघितलाय, म्हणजे बघितला असं म्हणायचं. आमचं जहाज त्या दिवशी रात्रीपर्यंत थांबणार होतं, तरी आधी पाऊण तास फेरी बोट, मग अडीच तास बस आणि तेच परत. साडेसहा तास प्रवास, आणि समोर पिरॅमिड, चारी बाजूंना ९१-९१ पायऱ्या आणि वरची एक मिळून ३६५, असं गाईड सांगत होता तेव्हा मी सारखी घड्याळाकडे बघत होते. वर चढू देत नाहीतच. आईला सांग, तुळुम जवळ आहे, फेरीनंतर तासाभराची बस. समुद्रकाठच्या कड्यावरचं तटबंदीचं माया शहर. तेही नको असेल तर कोझुमेल बेटावरच सान हेर्वासिओचे अवशेष आहेत. लहानसे, झाडीतले. इश्चेल या चंद्राच्या आणि बाळंतपणाच्या देवीचं ते ठिकाण, आणि माया स्त्रिया होड्यांतून समुद्र ओलांडून तिथे यात्रेला येत असत. ते बघून दुपारी प्रवाळ, दोन्ही होतं.

आता आजी. ‘मला कुठेच नेऊ नका’ याचा अर्थ नेहमी तोच असतो असं नाही, पुन्हा एकदा विचार. केमनला हलत्या लाँचमध्ये उतरायचं म्हणजे दुखऱ्या गुडघ्यांना खरंच त्रास. त्या दिवशी आजीला जहाजावरच राहू दे. सगळे उतरलेले असतात, डेक रिकामा असतो, खुर्ची हवी ती मिळते. शिवाय या जहाजांवर गोव्याचे, मुंबईचे बरेच लोक काम करतात. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. एखादा कोकणी बोलणारा वेटर भेटला, तर संध्याकाळी आजीकडेच सगळ्यांत जास्त गोष्टी असतील. पण जमैकाच्या धबधब्याला मात्र तिला न्या. बाजूच्या जिन्यावरून जमेल तेवढं जाऊन, सावलीत बसून, तुम्ही कसे धडपडता ते बघायला तिला आवडेल.

आणि हो, केमनला लाटा मोठ्या असल्या तर लाँच सोडत नाहीत. कप्तान सरळ पुढे निघून जातो. जहाजाची सहल असेल तर पैसे परत मिळतात, बाहेरून घेतली असेल तर आधी विचारून ठेवायला हवं. पाकटांची सहल तू कुणाकडून घेणार आहेस ते मला कळव. आणि तक्त्यात आता एक रकाना तुझ्या नावाचा आख.