झळाळी पुढे, अंधार मागे

दसऱ्याच्या सकाळी अहिल्यानगर जिल्ह्यातील कोणत्याही रस्त्याने निघावे, धुऊन-पुसून लख्ख केलेली वाहने जागोजागी नजरेत भरतात. विहिरीच्या पंपाखाली ट्रॅक्टर न्हालेला असतो, ट्रकच्या केबिनवर झेंडूचे घसघशीत हार चढलेले असतात आणि चाकाखाली लिंबू ठेवून, नारळ फोडून गाडी पुन्हा रस्त्यावर निघते. त्यानंतर महिनाभरात साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. तोच ट्रॅक्टर मग उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत भल्या पहाटे महामार्गावर येतो. त्याचे बॉनेट अजूनही चमकत असते. शेवटच्या ट्रॉलीमागे मात्र अनेकदा लाल दिवा नसतो. असलाच तर त्यावर शेतातल्या काळ्या मातीचा थर बसलेला असतो. जिल्ह्यातील रस्ता सुरक्षेचा एक मोठा प्रश्न या दोन टोकांमधल्या अंतरात दडलेला आहे.

वाहनाविषयीचा अभिमान या जिल्ह्याला नवा नाही. पोळ्याला बैल धुऊन, शिंगे रंगवून, झूल घालून मिरवणारा शेतकरी ट्रॅक्टरलाही त्याच मायेने सजवतो, यात नवल नाही. सार्वजनिक वाहतुकीच्या इतिहासातही या जिल्ह्याचे स्थान मानाचे आहे. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस धावली ती पुणे-अहमदनगर मार्गावर. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, महामंडळाची पहिली ‘शिवाई’ ही विजेवर चालणारी बसही याच मार्गावर सुरू झाली. शिवाय वाहनांच्या चाचण्या घेऊन ती रस्त्यावर येण्यास योग्य आहेत की नाहीत, याची प्रमाणपत्रे देणाऱ्या देशातील मोजक्या संस्थांपैकी एक, संरक्षण खात्याची ‘व्हीआरडीई’, याच शहरालगत आहे. ब्रेक, दिवे, टायर यांचा कस जिथे शास्त्रीय पद्धतीने पाहिला जातो, त्याच जिल्ह्यात बिनदिव्याच्या ट्रॉल्या रात्रभर धावाव्यात, हा विरोधाभास बोचणारा आहे.

हा विरोधाभास पूर्वीही होता. पण त्याची किंमत आता वाढली आहे, कारण रस्त्यावरील वेग वाढला आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग पूर्ण झाला. या मार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. दुचाकी व ट्रॅक्टर यांना तेथे प्रवेश नाही. परंतु शिर्डीसाठी कोपरगाव तालुक्यात खाली उतरणारी मोटार काही मिनिटांतच अशा रस्त्यांना लागते, जिथे दुचाकी, बैलगाडी, पालखीसोबत चालणारे साईभक्त, शनिशिंगणापूरकडे वळणाऱ्या जीप आणि उसाच्या ट्रॉल्या एकत्र नांदत असतात. दीर्घकाळ वेगाने गाडी चालवल्यानंतर चालकाच्या नजरेला त्या वेगाची सवय होते आणि ताशी ८० किलोमीटरही त्याला संथ वाटू लागतात. रस्ता बदलतो, पण नजर लगेच बदलत नाही.

त्यामुळे येथे थोडा हिशेब मांडणे आवश्यक ठरते. ताशी ८० किलोमीटरने जाणारी मोटार सेकंदाला २२ मीटर अंतर कापते. पुढे ताशी १५ किलोमीटरने चाललेली उसाची ट्रॉली असेल, तर दोहोंमधील अंतर सेकंदाला १८ मीटरने घटत जाते. डिपरच्या उजेडात बिनदिव्याची ट्रॉली ५० मीटरवर दिसली, असे धरले तरी चालकाच्या हाती तीन सेकंदही उरत नाहीत. समोर काय आहे हे ओळखून ब्रेकवर पाय जाईपर्यंत त्यातले दीड-दोन सेकंद सरलेले असतात. ट्रॉलीचा आटा तुटून ती रस्त्यातच उभी असेल, तर चित्र आणखी बिकट होते. ताशी ८० किलोमीटरने येणारी मोटार कोरड्या रस्त्यावरही ५० मीटरच्या आत सहसा थांबत नाही. आता याच चालत्या ट्रॉलीच्या मागे स्वच्छ परावर्तक पट्टी असती आणि ती २०० मीटरवरून चमकली असती, तर चालकाला अकरा सेकंद मिळाले असते. ज्याला रस्त्यावर सगळे ‘रेडियम’ म्हणतात, त्या वीतभर पट्टीचे मोल हे एवढे आहे.

मागून आदळून होणारे अपघात ही केवळ ऊसपट्ट्याची व्यथा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा बळी गेला. त्या वर्षीच्या एकूण अपघातांपैकी सुमारे पाचवा हिस्सा मागून धडकण्याचा होता आणि अपघातांच्या प्रकारांत तोच सर्वांत मोठा होता. जिल्ह्याला लागून असलेल्या वैजापूर तालुक्यात, समृद्धी महामार्गावर, १५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर भाविकांची मिनीबस ट्रकवर मागून आदळली आणि १२ जणांचा मृत्यू झाला. प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी असतात. पण रात्रीच्या रस्त्यावर पुढच्या वाहनाचा अंदाज येणे हीच जगण्या-मरण्यातील सीमारेषा ठरते.

मग प्रश्न असा उरतो, की वाहनावर इतके प्रेम करणारा मालक मागच्या दिव्याकडेच पाठ का फिरवतो? पहिले कारण असे, की सजावट बघणाऱ्यासाठी असते आणि बघणारा समोरून येतो, अशी समजूत आहे. केबिनवर रंगीत दिव्यांच्या माळा, टपावर कर्णे, दृष्ट लागू नये म्हणून काळी बाहुली, यांवर खर्च होतो. कायद्यानेही सजावटीच्या अतिरेकाची दखल घेतली आहे. मोटारींच्या काचांवरील काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी घातली, तर ट्रकमागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये मनाई केली. परावर्तकांची सक्ती तर केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहेच. पण चिखलाने झाकलेल्या परावर्तकाला नियमाच्या कागदावर जागा असते, रस्त्यावर अस्तित्व नसते.

दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे आणि ते समजून घेतल्याखेरीज उपदेश करणे अन्यायाचे होईल. ट्रॅक्टर मालकाच्या लेखी ट्रॅक्टर ही मालमत्ता असते, ट्रॉली हे अवजार. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, त्यामुळे खेपा वाढवण्याची घाई असते. सरीतून, बांधावरून, ओढ्यातून जाताना दिव्याची वायर तुटते, बल्ब फुटतो. आज बसवलेला दिवा आठवडाभर टिकेलच याची खात्री नसते. परावर्तक फळीवर असतो. पण ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस आणि वाढे त्याला झाकून टाकतात. खेरीज ट्रॅक्टरला दुसरा रस्ताच नसतो. शेत महामार्गाच्या एका बाजूला आणि कारखाना दुसऱ्या बाजूला, मध्ये सेवा रस्ता नाही, अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे. ज्या उसाच्या बळावर जिल्ह्याचे अर्थकारण उभे आहे, त्याच्या वाहतुकीचा विचार मात्र रस्ता आखताना शेवटी होतो.

मोटारचालकांची बाजूही निर्दोष नाही. आपल्या दिव्यांचा उजेड जिथवर पोहोचतो, त्याच्या आत थांबता येईल इतकाच वेग ठेवावा, हे साधे तत्त्व रात्री किती जण पाळतात? समोरच्याचे डोळे दिपवणारे प्रखर दिवे लावून डिपर न देणारी चकचकीत मोटार ही बिनदिव्याच्या ट्रॉलीइतकीच घातक असते. समृद्धीवर टायर फुटून अपघात होऊ लागल्यानंतर २०२३ मध्ये परिवहन विभागाला टायर तपासणीची मोहीम हाती घ्यावी लागली. बाहेरून आरशासारख्या दिसणाऱ्या गाडीचे टायर गुळगुळीत असू शकतात, हेच त्यामागचे वास्तव होते.

उपाय फार दूर शोधण्याची गरज नाही. उसाची प्रत्येक ट्रॉली, मग ती कोणत्याही गावची असो, कारखान्याच्या वजनकाट्यावर थांबतेच. पोलीस वा परिवहन अधिकारी प्रत्येक ट्रॉलीपर्यंत पोहोचू शकत नाहीत, काटा पोहोचतो. हंगामाच्या प्रारंभी पाहुण्यांच्या हस्ते परावर्तक लावून छायाचित्र काढण्याचा कार्यक्रम पुरेसा नाही. ट्रॉली रिकामी होऊन बाहेर पडताना मागची पट्टी पुसलेली आहे ना, दिवा लागतो ना, हे रोज, प्रत्येक खेपेला पाहिले जावे. उसाने झाकला जाणार नाही असा, भरलेल्या मोळ्यांवर बांधता येणारा लाल परावर्तक कापडी पट्टा कारखान्यानेच द्यावा. नादुरुस्त दिव्यासाठी गव्हाणीजवळच एक वायरमन बसवावा. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने १९५०-५१ च्या हंगामात सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हा उसाचा भाव शेतकऱ्याच्या हाती आणणे हे उद्दिष्ट होते. तोच ऊस कारखान्यापर्यंत नेताना कुणाचा जीव जाऊ नये, हा त्या सहकाराचाच पुढचा टप्पा मानायला हरकत नाही. कारण या ट्रॉलीवर आदळणारा पुष्कळदा परगावचा मोटारवाला नसतो. तो दूध घालून परतणारा, त्याच कारखान्याच्या सभासदाचा दुचाकीवरील मुलगा असतो. आणि मोळ्यांवर झोपलेली असतात ती पाथर्डी, शेवगाव वा बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांची कुटुंबे.

वाहन स्वच्छ ठेवण्याची हौस हे या जिल्ह्याचे भांडवल आहे. तिची टिंगल करण्याचे कारण नाही. ज्याला आपली गाडी चमकावी असे वाटते, त्याला ती दूरवरून दिसावी हे पटवणे अवघड नसावे. सणाच्या दिवशी बॉनेटवर फिरणारा हात रोज संध्याकाळी ट्रॉलीच्या मागच्या फळीपर्यंत गेला आणि ओल्या फडक्याने तेवढी एक पट्टी पुसून आला, तरी त्या रात्री मागून येणाऱ्याला काही सेकंद अधिक मिळतील.