कोठडीचे भाडे आणि जामिनाची रक्कम

शहरात दोन दिवस विसाव्यासाठी जाणाऱ्या सधन प्रवाशाला आता स्वच्छ खोली आणि गरम पाणी पुरत नाही. त्याला काहीतरी आगळे हवे असते. कोणाला नांगरून ठेवलेल्या जुन्या जहाजात झोपायचे असते, कोणाला यंत्रमानवाच्या हातून किल्ली घ्यायची असते. हौसेला मोल नाही असे म्हणतात, आणि त्या हौसेशी आमचे भांडणही नाही. परंतु या आगळ्या हॉटेलांत एक जात अशी आहे की तिच्याकडे समाजवादी कार्यकर्त्याने हसून दुर्लक्ष करता कामा नये. ती म्हणजे तुरुंगाचे केलेले हॉटेल.

अमेरिकेतील बोस्टन शहराचे उदाहरण घ्या. तेथील चार्ल्स स्ट्रीट तुरुंग १८५१ साली सुरू झाला. मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांनी १९१९ साली अध्यक्ष विल्सन यांच्यापुढे निदर्शने केली, तेव्हा त्यांना याच तुरुंगात डांबले गेले. पुढे १९७१ मध्ये येथील कैद्यांनीच न्यायालयाचे दार ठोठावले. न्यायमूर्ती गॅरिटी यांनी स्वतः त्या तुरुंगात एक रात्र काढली आणि १९७३ साली निकाल दिला की येथील स्थिती राज्यघटनेचा भंग करणारी आहे. तरीही तुरुंग बंद व्हायला १९९० साल उजाडले. आणि २००७ साली त्याच इमारतीत आलिशान हॉटेल उघडले. त्याचे नाव 'लिबर्टी', म्हणजे स्वातंत्र्य! दारुड्यांना कोंडण्याच्या जागी मद्यगृह आले आणि त्याचे नाव 'अ‍ॅलिबी' ठेवले गेले. गुन्हा घडला तेव्हा मी तेथे नव्हतोच, असा आरोपीचा बचाव म्हणजे अ‍ॅलिबी. एका न्यायाधीशाने एक रात्र झोपून जी जागा माणसाला अयोग्य ठरवली, तेथे आज माणसे पैसे मोजून झोपतात आणि भोजनोत्तर विनोदही तुरुंगाचाच करतात.

हे एकटे उदाहरण नव्हे. नेदरलँड्समधील रूरमाँड गावी १८६२ सालच्या तुरुंगातील १०५ कोठड्यांच्या ४० खोल्या झाल्या आणि २०११ पासून तेथे हॉटेल चालते. त्यातील चार उंची दालनांना नावे दिली आहेत ती जेलर, वकील, संचालक आणि न्यायाधीश यांची. कैद्याच्या नावाचे दालन त्यांत नाही. ज्याने त्या भिंतींत आयुष्याची वर्षे घालवली, तोच नेमका गाळला गेला! आणि इस्तंबूलच्या सुलतानअहमत भागातील ज्या कारागृहात कवी नाझिम हिकमत यांना ठेवले होते, तेथे १९९६ पासून 'फोर सीझन्स' हे जगातील धनिकांचे हॉटेल आहे. हिकमत कम्युनिस्ट होते, आणि त्यासाठी त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे तुरुंगांत काढली. त्यांच्या बंदिवासाचीही आज किंमत वसूल होते, आणि ती वसूल करणारे कोण, हे सांगावयास नको.

यावर आमचेच काही मित्र म्हणतील की इमारत पाडण्यापेक्षा वापरात आणली हे बरे नव्हे काय? तुरुंग बंद झाला याचा तुम्हाला आनंद नाही काय? आनंद निश्चितच आहे. जुनी वास्तू जपावी हेही आम्हास मान्य आहे. प्रश्न आहे तो ती कशासाठी जपावी हा. त्याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेने दिले आहे. जोहान्सबर्ग येथील ज्या जुन्या किल्ल्यातील तुरुंगात गांधी आणि मंडेला या दोघांनाही कोंडले गेले, त्याच आवारात त्या देशाने आपले घटना न्यायालय उभारले. २००४ साली ती इमारत खुली झाली. खटल्याची वाट पाहणाऱ्या कैद्यांची बराक पाडली, तिच्या विटा न्यायालयाच्या बांधकामात वापरल्या. वीट तीच, एकीकडे तिच्यावर मौज बांधली, दुसरीकडे न्याय. स्मृती जपणे आणि स्मृती विकणे यांतला फरक याहून स्पष्ट कोणी सांगावा?

आपल्या देशातही हा वारा आला आहे. तेलंगणातील संगारेड्डीच्या जुन्या तुरुंगात २०१६ पासून पाचशे रुपये भरून एक दिवस कैदी होण्याची सोय झाली. २०२२ मध्ये उत्तराखंडातील हल्द्वानीच्या तुरुंगात ज्यांच्या कुंडलीत बंधनयोग आहे त्यांच्यासाठी रात्रीला पाचशे रुपयांत कोठडी देण्याचे घाटत असल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे पैसेवाल्याचा ग्रहदोषही पाचशे रुपयांत फिटतो!

आता त्याच २०२२ सालचे सरकारी आकडे पाहा. देशातील तुरुंगांची क्षमता ४ लाख ३६ हजारांची. त्यांत माणसे कोंबली होती ५ लाख ७३ हजार. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार, म्हणजे शंभरातील सुमारे ७६, कच्चे कैदी होते. ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही अशी ही माणसे. यांतील कित्येकांना जामीन मंजूर होऊनही बाहेर येता येत नाही, कारण रक्कम नाही आणि हमीदार नाही. खुद्द केंद्र सरकारलाच २०२३ च्या अर्थसंकल्पात अशा गरीब कैद्यांच्या साहाय्याची योजना जाहीर करावी लागली, यातच सारे आले. एक जण पैसे आहेत म्हणून एका रात्रीपुरता कोठडीत जातो. दुसरा पैसे नाहीत म्हणून वर्षानुवर्षे कोठडीतच राहतो. कोठडी तीच आहे. किल्ली मात्र पैशाच्या हाती आहे.

ज्या महाराष्ट्रात साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, ज्या चळवळीच्या कार्यकर्त्यांनी १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात तुरुंगाच्या भिंती जवळून पाहिल्या, त्या चळवळीने केवळ नाराजी व्यक्त करून थांबू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ वाचा. पूर्वी कधी दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने आपल्यावरील आरोपाच्या कमाल शिक्षेची एकतृतीयांश मुदत तुरुंगात काढली, तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद त्यात आहे. फाशी वा जन्मठेपेच्या आरोपांना आणि एकाहून अधिक खटले चालू असणाऱ्यांना ती लागू नाही. त्यासाठी न्यायालयाकडे लेखी अर्ज करणे हे तुरुंग अधीक्षकाचे कर्तव्य आहे. ते कर्तव्य वेळेवर पार पडते की नाही, हे कोण पाहणार? प्रत्येक जिल्ह्यातील आपल्या शाखेने विधिसेवा प्राधिकरणाकडे जावे, पात्र कैद्यांच्या याद्या मागाव्यात, त्यांच्या घरच्यांना गाठावे, हमीदार मिळवून द्यावेत. तुरुंग रिकामे व्हायचे असतील तर ते या मार्गाने व्हावेत. आणि रिकाम्या झालेल्या कोठडीत उद्या काय असावे, ग्रंथालय, शाळा की न्यायालय, हे तेथून सुटलेल्या माणसाला विचारून ठरवावे.