फोटू कसाले काढस?

10 जून 2018. जळगाव जिल्हा, जामनेर तालुका, वाकडी. मातंगांची पोरं विहिरीत पोहली म्हणून त्यांना नागडं करून पट्ट्यानं झोडपलं. मारणाऱ्यांच्याच बाजूनं त्याचा व्हिडिओ निघाला.

1 जुलै 2018. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. पोरं पळवणारी टोळी आली अशी व्हॉट्सॲपवर अफवा. सोलापूरकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावानं ठेचून मारले. तिथंही मोबाइल चालूच होते.

एकवीस दिवसांत दोनदा. आपल्या खानदेशात फोटोग्राफर नव्हता असं कोण म्हणतं? होता ना. तो मारणाऱ्यांच्यात उभा होता.

अमेरिकेतले गोरे काळ्यांना झाडाला लटकवायचे आणि खाली उभं राहून फोटो काढून घ्यायचे. त्याची पोस्टकार्डं करून सोयऱ्यांना धाडायचे. पुढं 1955 साली मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलला मारलं. त्याच्या आईनं शिकागोत शवपेटी उघडी ठेवायला लावली. डेव्हिड जॅक्सन या काळ्या फोटोग्राफरनं फोटो काढला, 'जेट' या काळ्यांच्या साप्ताहिकानं तो छापला. मेलेलं माणूस पोस्टकार्डावरही होतं आणि इथंही. पण इथं दाखवायचं की नाही हे आईनं ठरवलं.

वाकडीच्या पोरांना कुणी विचारलं? राहुल गांधींनी तो व्हिडिओ ट्विट केला तर राज्याच्या बालहक्क आयोगानं त्यांना नोटीस काढली. मी पण फॉरवर्ड केला होता. चीड आली म्हणून केला. पोरांचं तोंड झाकावं हे डोक्यातसुद्धा आलं नाही. मला कोण नोटीस काढणार?

कुणी म्हणेल, व्हिडिओ फिरला नसता तर वाकडी कळलं असतं का? बरोबर आहे. राईनपाड्यातही व्हिडिओतल्या तोंडांवरून पोलिसांनी माणसं ओळखली, 2024 मध्ये धुळ्याच्या कोर्टानं सात जणांना जन्मठेप दिली. पण मग आपला न्याय मारणाऱ्याच्या हौसेवर सोडायचा? उद्या त्यानं मोबाइल खिशात ठेवला की अत्याचार झालाच नाही?

आपल्याकडं कॅमेरे कमी नाहीत. 31 जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जा. 1937 साली बाबासाहेब तिथं मुक्कामाला होते, म्हणून दरवर्षी लोक जमतात. सगळे मोबाइल स्टेजकडं. पुढारी, पुढाऱ्याचा हार, हाराशेजारी आपण. दुसऱ्या दिवशी चौकात बॅनर. चळवळीचे फोटो म्हणजे हेच!

मी शहाणपणा करून गर्दीतल्या एका म्हातारीकडं मोबाइल वळवला. ती म्हणाली, "फोटू कसाले काढस रे भाऊ?" मी गप्प. गोदीत एकदा असाच एक फोटोग्राफर आला होता. माझ्या घामट पाठीचे वीसेक फोटो काढून गेला, नाव विचारलं नाही. च्यायला, मी म्हातारीशी तेच करत होतो.

सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. नुसता घाणीत उतरलेला माणूस नाही, त्याचं घर, त्याची बायकापोरंही. जातीच्या अत्याचारात मारलेल्यांच्या घरी ते गेले, मागं राहिलेल्या आईबापांसमोर बसले. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली, ते सोडा. व्हिडिओ थंड झाल्यावर त्या घरात जाणारं कोण आहे, ते बघा.

आणखी एक. ॲट्रॉसिटी कायद्यात 2016 पासून कलम 15 अ लागू आहे. या गुन्ह्यांच्या सगळ्या कामकाजाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग झालं पाहिजे, असं त्यात लिहिलंय. जळगावची डॉ. पायल तडवी 2019 मध्ये मुंबईत गेली. त्या खटल्यात जामिनाची सुनावणी रेकॉर्ड करायची का, यावर मुंबई हायकोर्टात वाद झाला. आपल्यातल्या किती जणांनी तो वाचला? कायद्यानं दिलेला कॅमेरा आपण मागत नाही आणि चौकात बॅनर लावतो.

लळिंगच्या म्हातारीला मी मग नाव विचारलं. शेजारी बसलो. कुठून आली, किती वर्षं येते, सगळं सांगितलं तिनं. फोटो काढू दिला. मासिकात छापू का म्हटलं, तर नको म्हणाली. म्हणून तो या अंकात नाही.